सावंतवाडीचा रंगीत पाट

इतिहासावरच्या व्याख्यानाची सुरुवात बहुधा सिंहासनापासून होते. आम्ही आज पाटापासून सुरुवात करणार आहोत. बारशाला मूल मांडीवर घेऊन आई ज्यावर बसते, मुंजीत बटू ज्यावर बसतो, चतुर्थीला गणपती ज्यावर विराजमान होतो, आणि जिथे अजून जमिनीवर पंगत मांडतात तिथे पाहुणा ज्यावर जेवायला बसतो, ती ही लाकडाची फळी. ह्या सभागृहात पाटावर कधीच बसला नाही असा मनुष्य क्वचितच असेल. परंतु पाट कोणी केला आणि त्यावरचे कमळ कोणी काढले, हा प्रश्न बसणाऱ्याने विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तो प्रश्न विचारण्यासाठी आजचे हे व्याख्यान आहे.

कोकणात रंगीत लाकूडकामाचे नाव काढले की सावंतवाडी आठवते. सावंतवाडी आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. तथापि रत्नागिरीकरांना ती परकी नाही. सावंत-भोसल्यांचे संस्थान १९४८ साली विलीन झाले तेव्हा ते रत्नागिरी जिल्ह्यातच घातले गेले, आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत आपला कारभार एकच होता. त्याही आधी, १८८० साली, इंग्रज सरकारने मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड छापला तो 'रत्नागिरी आणि सावंतवाडी' असा जोडीनेच छापला. तेव्हा शेजारच्या घरची हकिकत सांगावी तशी ही हकिकत आम्ही सांगत आहोत.

आम्ही इतिहासाचे प्राध्यापक नव्हे. आमचे आयुष्य कामगारांच्या सभा, मागण्यांची पत्रके आणि लेबर कोर्टाच्या तारखा ह्यांत गेले. जे वाचले ते एस्टीच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत रात्री दिवा लावून वाचले. त्यामुळे एखादी वस्तू समोर आली की ती किती सुंदर आहे ह्याच्या आधी तिला किती हात लागले आणि त्या हातांना काय मिळाले, हे आमच्या मनात येते. हा दृष्टीचा दोष असेल. पण ह्या दोषामुळेच पाटाच्या बाबतीत आम्हाला जे दिसले ते आपल्यापुढे ठेवतो.

जमिनीवर बसणाऱ्यांचे सामान

कोकणातल्या जुन्या घरात लाकडी सामान किती होते? पाट, चौरंग, देव्हारा, पाळणा, एखादी पेटी, आणि ऐपत असेल तर ओटीवर झोपाळा. बाकी घर मोकळे. सारवलेल्या त्याच जमिनीवर सकाळी मुलांचा अभ्यास, दुपारी पंगत आणि रात्री अंथरुणे. म्हणून सामान असे हवे की काम झाले की भिंतीला टेकवून ठेवता यावे. पाट हा त्याचा उत्तम नमुना आहे. तो एका हाताने उचलता येतो आणि उभा केला की चार बोटे जागा घेतो.

जिथे सामान थोडे असते तिथे त्या थोड्यावर जीव जास्त असतो. हा नियम केवळ आपला नव्हे. हिमालयापलीकडे तिबेटात पाहा. त्या उंच पठारावर झाड दुर्मीळ; लाकूड पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या दऱ्यांतून आणावे लागे. तिथलेही लोक खाली गादीवर बसणारे. त्यांचे सामान म्हणजे पेट्या, ठेंगणी कपाटे, आणि घडी घालून घोड्यावर वा याकवर लादता येतील अशी बुटकी मेजे. परंतु त्या मोजक्या वस्तूंवर रंग किती! लाकडावर खडू आणि सरस ह्यांचा पांढरा लेप, त्यावर खनिज रंग, कुठे सोन्याचा वर्ख, आणि शेवटी तेलाचे रोगण. चित्रांत व्याघ्र, ड्रॅगन, कमळ, आणि बौद्धांची आठ मंगल चिन्हे: छत्र, मासे, कलश, कमळ, शंख, अंत नसलेली गाठ, ध्वज आणि चक्र. ह्यातली निम्मी चिन्हे सावंतवाडीच्या चितारआळीत नेऊन दाखवली तर तिथला मनुष्य म्हणेल, ही तर आमचीच.

एक फरक मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. तिबेटी पेटी भिंतीशी ठेवायची असते, म्हणून तिचे फक्त तोंड रंगवतात. बाजू आणि पाठ बहुधा साधीच राहते. आपला पाट जमिनीवर असतो आणि माणूस त्याच्याकडे वरून पाहतो, म्हणून त्याचा माथा रंगवतात आणि खालची बाजू कोरी राहते. डोळा जिथून पाहणार तिथेच रंग. कारागिराने रंग वाया घालवायचा नाही, हे दोन्हीकडे सारखेच. आणि दोन्हीकडे आणखी एक गोष्ट सारखी आहे: जो भाग कोरा राहिला त्यावर करणाऱ्याचे नावही नसते.

पाटाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाट हा मानाचा होता, आणि जिथे मान असतो तिथे मान न मिळणाराही असतो. पंगतीत कोणाला पाट, कोणाला नुसती पत्रावळ, आणि कोणाला अंगणाबाहेर वाढायचे, हे जातीवरून ठरत असे. ह्या रत्नागिरीत १९३१ साली भागोजी कीरांच्या पैशाने पतितपावन मंदिर उभे राहिले आणि इथे सहभोजनांच्या पंगती बसल्या, तेव्हा कोण कोणाशेजारी बसतो ह्यावरून केवढे वादळ उठले हे आपल्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होते. फळी तीच असते. तिच्यावर कोणी बसावे हे समाज ठरवतो.

तीन हातांचे काम

आता वस्तूकडे वळू. रंगीत पाट किंवा चौरंग एका माणसाचे काम नव्हे. त्यात पूर्वी तीन धंदे गुंतलेले असत: सुतार, कातारी आणि चितारी. पुढे एकाच घरात दोन-तीन कामे होऊ लागली, पण कामे तीनच.

सुताराने लाकूड निवडायचे. पाट-चौरंगाला फणस, आंबा किंवा साग, म्हणजे वजन पेलणारे लाकूड. खेळणी आणि लाकडी फळे ह्यांना पांगारा, कारण तो हलका, मऊ आणि कोरायला सोपा. लाकूड पुरते सुकले नाही तर पुढच्या पावसाळ्यात ते फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. मग वरचे कमळ दुभंगते. सुकवण्याचे हे महिने कोणाच्या बिलात येत नाहीत.

चौरंगाचे पाय आणि पाळण्याचे दांडे गोल कातलेले असतात. ते कातारी करतो. पूर्वी एकजण दोरी ओढून लाकूड गरागरा फिरवी आणि दुसरा त्यावर पटाशी धरी. दोरी ओढणारा बहुधा घरातलाच, म्हणजे बायको किंवा मुलगा. त्याची मजुरी वेगळी मोजली जात नसे. आता तिथे विजेची मोटर आली आहे. लाकूड गोल झाले की ते फिरत असतानाच रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याची पात दाबून फिरवतात, त्याने थर सारखा होतो आणि त्याला चकाकी येते. तांबड्यानंतर पिवळा, पिवळ्यानंतर हिरवा असे जे पट्टे पायांवर दिसतात ते असे उठतात. कुंचल्याचा त्यात संबंध नाही.

सपाट भागावर मात्र कुंचला लागतो आणि तिथे चितारी येतो. जुनी पद्धत अशी. प्रथम लाकडातल्या भेगा आणि गाठी बुजवायच्या. मग चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्यांची खळ करायची, तीत खडूची पूड मिसळून पाटावर लेप द्यायचा, तो वाळला की घासायचा, आणि पुन्हा लेप द्यायचा. अशी जमीन गुळगुळीत झाली की तिच्यावर तळरंग. पूर्वी तांबड्याला हिंगूळ, पिवळ्याला हरताळ, निळ्याला नीळ आणि काळ्याला काजळी वापरीत. मग काठाची वेल, मग मधले कमळ किंवा देवाची आकृती. बारीक रेषेला खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला वापरीत. आणि सर्वांत शेवटी लाखेचा पारदर्शक थर, म्हणजे ओले फडके फिरवले तरी रंग जाऊ नये.

ह्या कामात पाहणाऱ्याला दिसतो तो शेवटचा दिवस. त्याआधीचे वाटणे, घासणे, वाळवणे ही मेहनत लेपाखाली गाडली जाते, आणि ती बरीचशी घरातल्या बायकांची असते. गिरणीतल्या कामगाराला आपण निदान विचारू शकत होतो, बाबा, तुझी पाळी किती तासांची? इथे पाळी संपल्याचा भोंगाच वाजत नाही.

लाखेची वाट

ह्या साऱ्या कामाचा जीव लाखेत आहे, म्हणून तिची हकिकत थोडक्यात सांगतो. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या बारीक किड्याचा स्राव. ते किडे असंख्य असतात, आणि शंभर हजारांच्या 'लाख' ह्या संख्येशी त्या नावाचे नाते पुष्कळजण जोडतात. महाभारतातले लाक्षागृह आपल्याला ठाऊकच आहे. युरोपात चकचकीत रोगणाला 'लॅकर' म्हणतात. तो शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून तिकडे गेला, आणि त्याच्या मुळाशी आपली लाखच आहे.

इथे रत्नागिरीकरांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्या शहरात थिबा राजाचा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाचे राज्य इंग्रजांनी १८८५ साली घेतले आणि त्या राजाला इथे आणून ठेवले. १९१० साली त्याच्यासाठी हा वाडा झाला आणि १९१६ साली राजा इथेच वारला. ब्रह्मदेशही लाखेच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. पण तिथली लाख किड्याची नव्हे. ती 'थित्सी' नावाच्या झाडाचा चीक आहे, आणि ती लावायची रीतही निराळी. एका देशात झाडाचा चीक, दुसऱ्यात किड्याचा स्राव, तिसऱ्यात तेलाचे रोगण. आणि तिन्ही ठिकाणी माणसाची इच्छा एकच, की लाकडावरचा रंग आपल्यामागे उरावा.

हिंदुस्थानातली बहुतेक लाख छोटा नागपूरच्या जंगलांतून येत आली आहे. तिथला आदिवासी ती फांद्यांवरून खरवडतो. तिचा भाव मात्र सातासमुद्रापार ठरे. लाखेपासून तांबडा रंगही निघत असे. १८५६ साली पर्किन नावाच्या इंग्रज तरुणाने कोळशाच्या डांबरापासून कृत्रिम रंग काढला, आणि त्यानंतरच्या काही दशकांत लाखेच्या तांबड्या रंगाचा परदेशी व्यापार बसला. पुढे ग्रामोफोन आला. त्याच्या जुन्या तबकड्यांत लाख हा मुख्य घटक असे, म्हणून लाखेला पुन्हा मागणी चढली. आणि १९५० नंतर प्लास्टिकच्या तबकड्या आल्या तशी ती उतरली. म्हणजे सावंतवाडीच्या एका आळीत पाटाला लावायची लाख महाग होते की स्वस्त, हे लंडन-न्यूयॉर्कमधला मनुष्य गाणे कशावर ऐकतो ह्यावर अवलंबून! जंगलातला खरवडणारा आणि आळीतला रंगवणारा, दोघांनाही हे कोणी सांगितले नव्हते.

पाट आणि पत्ता

चितारी केवळ लाकडावर काम करीत नसे. पाटावर चालणारा तोच हात गंजिफेवरही चालत असे, आणि ह्या गंजिफेनेच सावंतवाडीचे नाव जगात नेले. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा पाने, अशी एकूण १२० पाने असतात. मोगली गंजिफेत आठ रंग आणि ९६ पाने. दशावतारी खेळात दिवसा रामाचा राजा उतारी करतो आणि रात्री कृष्णाचा. पत्ता कागदाचा किंवा कापडाचा. पण त्यालाही तीच चिंचोक्याची खळ, तोच खडूचा लेप आणि पाठीवर तोच लाखेचा थर. पत्ते ठेवायची लाकडी पेटीही रंगवलेली असे.

आता पाटावरच्या चित्राचा अर्थ लागतो. काठावर जे अवतार ओळीने बसलेले दिसतात ते पत्त्यावरूनच उतरले, की पत्त्यावरचे पाटावरून, हा वाद व्यर्थ आहे. हात एक होता. ज्या हाताला चार बोटांच्या वर्तुळात मासा, कासव, परशू बसवायची सवय आहे, त्याला पाटाचा काठ म्हणजे मैदान. कमी जागेत पुरी आकृती, जाड ठसठशीत रेषा, आणि तांबड्या-पिवळ्या-हिरव्याची उघड भाषा, ही सावंतवाडीची ओळख गंजिफेच्या सरावातून आली असे आम्हाला वाटते.

ही कला सावंतवाडीत आली कशी? परंपरा अशी सांगते की तिसरे खेमसावंत ह्यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७५५ ते १८०३ ह्या काळात, धर्मचर्चेसाठी तेलंगी ब्राह्मण दरबारात येत; त्यांच्याबरोबर गंजिफा आली; राजांना ती आवडली; आणि स्थानिक चिताऱ्यांनी ती करायला घेतली. परंपरा खरी मानून चाललो तरी तिची वाक्यरचना पाहा. ब्राह्मण आले, त्यांचा मान लिहिला. राजाला आवडली, त्याचे नाव आणि सालही उरले. आणि 'चिताऱ्यांनी करायला घेतली', इथे एकदम अनेकवचन! ज्याने पहिला पत्ता हातात धरून उलटसुलट पाहिला, हा लेप कशाचा असेल म्हणून नखाने खरवडला, चार वेळा फसला आणि पाचव्या वेळी जमवला, त्या माणसाला परंपरेने नाव दिले नाही.

एकच उरला तेव्हा

राजाश्रय होता तोवर काम होते. पुढे दोन गोष्टी झाल्या. छापील विलायती पत्ते आले. ते हाताने केलेल्या गंजिफेच्या मानाने फारच स्वस्त. आणि माणसे मुंबईला गेली. १९११ च्या शिरगणतीत मुंबईच्या कापड गिरण्यांतले जवळजवळ निम्मे कामगार एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते, आणि शेजारच्या संस्थानातूनही तीच वाट चालू होती. गिरणीत सुताचा धूर आणि तंबाखूची चिमूट; पण महिन्याच्या महिन्याला पगार होता, आणि मस्टरवर माणसाचे नाव होते. ज्याला कुंचला धरून दोन वेळची खात्री नव्हती, त्याच्या मुलाने कुंचला ठेवून बोट धरली, ह्यात त्याला दोष देणारे आपण कोण?

१९५९ च्या सुमारास अशी स्थिती आली की सावंतवाडीत गंजिफा करणारे एकच वृद्ध कारागीर उरले. त्यांचे नाव पुंडलीक चितारी. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी ह्यांनी ही कला वाचवायचे मनावर घेतले. सत्त्वशीलादेवी त्या वृद्ध कारागिराकडून स्वतः काम शिकल्या, आणि १९७० नंतर राजवाड्यातच 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' ही कार्यशाळा सुरू झाली. राजवाड्यातल्या स्त्रीने चिताऱ्यापुढे विद्यार्थिनी म्हणून बसावे, ही गोष्ट लहान नव्हे. तिचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे. आज ते रंग जगाच्या संग्रहालयांत आणि आपल्या बाजारात दिसतात, ते ह्या प्रयत्नामुळे.

परंतु श्रोतेहो, एक विचित्र गोष्ट आपल्या ध्यानात आली असेल. कारागिरांनी आळी भरलेली होती तेव्हा एकाचेही नाव कोणी लिहिले नाही. एकच उरला, तेव्हा त्याचे नाव लिहिले गेले. नाव मिळण्यासाठी कारागिराला शेवटचा व्हावे लागले!

मालक खंय आसा?

सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही मोठ्या उत्साहाने चितारआळीत गेलो. मनात होते, इथे संघटना बांधू. आमचे सारे शिक्षण मालक आणि कामगार ह्या दोन शब्दांत झालेले. १९२६ चा ट्रेड युनियनचा कायदा आणि १९४८ चा किमान वेतनाचा कायदा आम्हाला तोंडपाठ. एका घराच्या पडवीत एक म्हातारे गृहस्थ लाकडी आंब्याला पिवळा रंग देत बसले होते. आम्ही अर्धा तास बोललो. त्यांनी कुंचला न थांबवता ऐकून घेतले, आणि विचारले, "युनियन कोणाच्या विरुद्ध करूची? हंय मालक खंय आसा?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. घर त्यांचे, हत्यारे त्यांची, लाकूड त्यांनीच उधारीवर आणलेले. कायद्याच्या भाषेत ते स्वतःच मालक. पण हा मालक दिवाळीला बोनस देत नव्हता आणि आजारपणात पगार देत नव्हता, कारण तो देणारा आणि घेणारा एकच होता. लाकडाचा भाव व्यापारी ठरवी. वस्तूचा भाव दुकानात आलेले गिऱ्हाईक घासाघीस करून ठरवी. आणि बाहेरून आलेले प्लास्टिकचे स्वस्त खेळणे ह्या दोघांच्याही डोक्यावर बसे. मधल्या जागेत जे उरे, ते त्यांचे. त्यांचा मुलगा गोव्यात नोकरीला होता. "तेका महिन्याचो पगार गावता," एवढेच ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती.

निघताना आम्ही त्यांच्याकडून एक पाट घेतला. मधे कमळ, काठाला वेल. आणि इथे आम्हाला कबुली द्यायची आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या मजुरीसाठी भांडणाऱ्या आम्ही त्या पाटाची किंमत ऐकून सवयीने म्हटले, "काहीतरी कमी करा." त्यांनी कमी केले. घरी येऊन पाट भिंतीला उभा केला तेव्हा त्याची कोरी पाठ समोर आली आणि लक्षात आले, आपण त्यांना नावही विचारले नाही. मालक कुठे आहे, ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या रात्री मिळाले. त्या दुपारपुरता मालक आम्हीच होतो.

नाव आणि दाम

मग काय करावे? कलेचे कौतुक पुष्कळ झाले आहे. कौतुकाने खळ शिजत नाही. अलीकडे सावंतवाडीच्या गंजिफेला आणि लाकडी कामाला भौगोलिक मानांकन मिळाले, हे चांगले झाले. पण ते गावाचे नाव राखते, माणसाचे नव्हे. २०२३ साली केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना काढली. तिच्या धंद्यांच्या यादीत सुतार आहे, बाहुल्या-खेळणी करणारा आहे. चितारी ह्या नावाचा रकाना नाही. ज्याचा रकाना नाही त्याने दुसऱ्याच्या रकान्यात बसायचे.

तिबेटी लोकांकडून इथे शिकण्यासारखे आहे. १९५९ नंतर ते देश सोडून आले. धरमशाळेजवळ त्यांनी १९८८ साली नोर्बुलिंका ही संस्था काढली. तिथे लाकूड कोरणे, लाकूड रंगवणे, पटचित्र काढणे ही कामे उस्ताद आणि शिकाऊ एका छपराखाली बसून करतात. ज्यांचा देश गेला त्यांनी पेटीवरचे कमळ जाऊ दिले नाही, कारण त्यांना कळले की वस्तू संग्रहालयात राहते, पण कसब माणसाच्या मनगटात राहते, आणि मनगटाला रोज भाकरी लागते. आपला देश तर आपल्यापाशीच आहे.

आमच्या अल्प बुद्धीला तीन गोष्टी सुचतात. पहिली, कारागिरांनी लाकूड आणि लाख एकत्र विकत घ्यावी. एकट्याला व्यापारी भाव सांगतो, दहाजणांना विचारतो. दुसरी, परसात आणि बांधावर पांगारा लावावा. फांदी रोवली तरी तो जगतो, आणि तो नसेल तर लाकडी आंबा कशाचा करणार? तिसरी गोष्ट तुमच्या-आमच्या हातातली आहे. सावंतवाडीचा पाट घ्याल तेव्हा जो दाम सांगतील तो द्या, आणि नाव विचारा. घरी येऊन पाट उलटा करा आणि कोऱ्या बाजूवर ते नाव, गाव आणि साल शाईने लिहून ठेवा.

आमच्या पाटाच्या पाठीवर ते नाव आज आहे. दुसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो, कमी केलेले पैसे परत दिले आणि नाव विचारले. म्हाताऱ्यांनी हसून पाट मागून घेतला आणि स्वतःच्या हाताने, खारीच्या केसांच्या कुंचल्याने, खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ते लिहिले. ते इथे आम्ही सांगत नाही; त्यासाठी त्यांची परवानगी घेतलेली नाही, आणि आता ती घेता येणार नाही. पण घरात कोणी पाहुणा आला की बसण्याआधी आम्ही त्याला पाट उलटा करून दाखवतो.